आमचेही रामटेक

हिवाळा सुरू झाला की शाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. कामठी आणि आसपासच्या उर्दू शाळांमध्ये या वेळी पहिला हिशेब पैशांचा होतो. कोणाचे वडील ऑटो चालवतात, कोणाची आई घरी बिड्या वळते. तेव्हा ठिकाण जवळचे हवे आणि स्वस्तही हवे. म्हणून वर्षानुवर्षे सहल जाते ती खिंडसीला. तलाव पाहायचा, बोटीत बसायचे, डबे खायचे आणि मगरिबच्या आत घरी परतायचे. खिंडसीच्या पाण्यापलीकडे एक लांबट टेकडी दिसते. तिच्या माथ्यावर पांढरी शिखरे आहेत. मुले विचारतात, "सर, वो क्या है?" आपण सांगतो, "रामटेक." बस्स, तेवढ्यावर विषय संपतो.

एके वर्षी आम्ही ठरवले की या वेळी खिंडसी नंतर, आधी टेकडी. सहावीच्या इतिहासात वाकाटकांचा उल्लेख येतो. उर्दू पुस्तकात ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत, त्यामुळे आमची मुले 'वाकाटक' हा शब्द दरवर्षी नव्या तऱ्हेने वाचतात. कोणी 'वाकाटिक' म्हणतो, कोणी 'वाकाटुक'. ज्या राजघराण्याची राजधानी आपल्या शाळेपासून तास-दीड तासाच्या अंतरावर होती, त्याचे नावही मुलांना धड उच्चारता येऊ नये, याची आम्हाला लाज वाटत होती.

सहलीची चिठ्ठी घरोघरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी एक पालक भेटायला आले. शांत, अदबशीर गृहस्थ. म्हणाले, "सर, खिंडसी तो ठीक है. ऊपर क्यों?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. ती काळजी आम्हाला समजत होती. रामटेकने १९८४ आणि १९८९ मध्ये ज्यांना लोकसभेवर पाठवले ते पी. व्ही. नरसिंह राव १९९१ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले आणि १९९२ चा डिसेंबर त्यांच्याच कारकिर्दीत उजाडला. बाबरी मशीद अयोध्येत पडली, पण नागपुरात मोमिनपुऱ्यात गोळीबार होऊन माणसे मेली. आमच्या घरातली मोठी माणसे त्या दिवसांविषयी अजूनही आवाज खाली आणून बोलतात. ज्या नावाच्या घोषणा ऐकून दारे लावून घेतली, त्याच नावाच्या गावी लेकराला कशाला पाठवायचे, असा त्या बापाचा सरळ प्रश्न होता. आम्ही त्यांना म्हटले, "आम्ही पूजेला नाही जात, वाचायला जातो आहोत." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी संमतीची सही केली.

गंमत अशी की रामटेकला उतरल्यावर चहाच्या टपरीवरही हाच सवाल आमची वाट पाहत होता. बसवरचा शाळेचा फलक वाचून टपरीवाले काका म्हणाले, "उर्दू शाळा का जी? मंग गडावर कायले?" त्यांनाही राग नव्हता, फक्त नवल वाटत होते. टेकडीच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा, दोघांचाही प्रश्न एकच होता. हा लेख म्हणजे त्या दोघांना त्या दिवशी जे सांगायचे राहून गेले, ते सांगण्याचा प्रयत्न आहे.

नगरधनची राणी

आम्ही सुरुवात रामटेकपासून नव्हे, तर त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या नगरधनपासून केली होती. गावाच्या कडेला चौकोनी किल्ला उभा आहे. आज दिसते ते बांधकाम गोंड आणि भोसले काळातले. पण या मातीखाली वाकाटकांचे नंदिवर्धन आहे. 'नगरधन' या नावातच जुने 'नंदिवर्धन' झिजून राहिले आहे, असे अभ्यासक मानतात. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी येथे उत्खनन केले. त्यात मातीची एक छोटी मुद्रा सापडली. तिच्यावर शंखाचे चिन्ह आणि एका स्त्रीचे नाव आहे : प्रभावतीगुप्ता.

ही प्रभावती म्हणजे उत्तरेतील गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. ती वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. राजा लवकर वारला. मुले लहान होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या काळात या विधवेने मुलांच्या वतीने बरीच वर्षे राज्य चालवले. तिचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक नंदिवर्धनहून दिलेला, तो पुण्यात मिळाला. दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला. तो तिने रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून दिला, असे त्यात नोंदले आहे. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही ही टेकडी देवस्थान होती, आणि या मुलखाची राज्यकर्ती तेथे जाऊन दानपत्रे लिहवत होती.

किल्ल्याच्या तटाशी बसून हे सांगत असताना एका मुलीने विचारले, "सर, वो पढ़ना जानती थी?" आम्ही म्हटले, जी बाई आपल्या नावाची मुद्रा उठवते आणि राज्याचा कारभार पाहते, ती अडाणी कशी असेल? मुलींच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते आम्ही वर्गात शिकवताना क्वचितच पाहिले होते. ज्या घरांतून मुलीची शाळा आठवीनंतर सुटते, त्या घरांतल्या मुलींसमोर अशी एक राणी ठेवणे, यासाठी तरी नगरधनला जायला हवे.

गिलाव्याखालचा लेख

रामटेकच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. चारी बाजूंनी घाट आणि छोटी छोटी देवळे. अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग या पाण्याने बरा झाला, अशी कथा सांगतात. विदर्भातील पुष्कळ लोक आपल्या माणसांच्या अस्थी येथे विसर्जित करतात. तेथून पायऱ्यांची वाट वर गडावर जाते. वाटेत वानरे सोबतीला असतातच. मुलांच्या अर्ध्या डब्यांचा समाचार त्यांनीच घेतला.

वर वराहाची प्रचंड दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत जायचे, पापी माणूस मध्येच अडकतो, असा समज आहे. मूर्ती वाकाटक काळातली. जवळच केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह अशी दोन देवळे आहेत, साधी, ठेंगणी, जाड दगडांची. महाराष्ट्रातल्या उभारून बांधलेल्या, म्हणजे डोंगरात न कोरलेल्या, सर्वांत जुन्या देवळांत यांची गणना होते. केवल-नरसिंहाच्या भिंतीवर गिलाव्याचे थर चढले होते. १९८० नंतरच्या दशकात दुरुस्तीच्या वेळी ते निघाले, तेव्हा खाली एक शिलालेख दिसला. बराच झिजलेला, तुटक. पण जे वाचता आले त्यात वाकाटक-गुप्त घराण्यातली माणसे, त्यांचे नातेसंबंध आणि प्रभावतीची स्मृती आहे. किती पिढ्या लोक त्या भिंतीला हात लावून नमस्कार करीत होते! हाताखाली अक्षरे आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते.

प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन. 'सेतुबंध' हे रामकथेवरचे काव्य त्याच्या नावावर आहे, आणि ते संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे. जी मराठी आज आपण बोलतो तिची ही पणजी. रामटेकजवळच्या मनसर येथे १९९८ च्या सुमारास जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन सुरू झाले. विटांचे प्रचंड बांधकाम निघाले. ते प्रवरसेनाच्या राजधानीचे आणि शिवमंदिराचे, असे अनेक विद्वानांचे मत आहे. बौद्ध बांधव या परिसराचा संबंध आचार्य नागार्जुनांशी जोडतात. येथे सापडलेली शिवाची देखणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रामटेकच्या पायथ्याशी जैनांचे शांतिनाथांचे मोठे क्षेत्र आहे, तेथील उंच, उभी मूर्ती पाहायला देशभरातून भाविक येतात. एकाच टेकडीच्या आसपास वैष्णव, शैव, बौद्ध, जैन असे सगळे आपापली आठवण घेऊन बसले आहेत.

शंबूक आणि चक्रधर

गडमंदिरात राम आणि लक्ष्मण यांची देवळे आहेत. लक्ष्मण मंदिराच्या भिंतीत देवगिरीच्या यादवांपैकी रामचंद्र राजाच्या काळातला, तेराव्या शतकाच्या अखेरचा, मोठा संस्कृत शिलालेख आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात या डोंगराची नावे आहेत, येथल्या तीर्थांची यादी आहे, आणि शंबूकाचा उल्लेखही आहे.

शंबूकाची कथा वाचकांना माहीत आहे. शूद्र असून तप केले म्हणून रामाने ज्याला मारले, तो हा शंबूक. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही कथा काट्यासारखी रुतलेली असते. पण रामटेकच्या लोकांनी ही कथा पुढे नेली. ते सांगतात की शंबूक याच डोंगरावर मारला गेला. मरताना त्याने रामाकडे मागणे मागितले की तू येथेच राहा, आणि जो कोणी तुझ्या दर्शनाला येईल त्याने आधी माझी पूजा करावी. रामाने ते कबूल केले. धूम्रेश्वर नावाचे शिवलिंग म्हणजे तो शंबूक. आधी धूम्रेश्वर, मग राम, असा येथला जुना रिवाज सांगितला जातो.

ज्याचा जीव घेतला त्याला पहिला मान देऊन अन्याय पुसला जातो, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या कोणी सामान्य माणसांनी ही कथा रचली त्यांना काहीतरी टोचत होते, एवढे खरे. बाहेर ठेवलेल्याला दारातच पहिला सलाम करायचा, ही त्यांची समजूत. आम्हा मुसलमान शिक्षकांना त्या कथेपाशी जरा जास्त वेळ थांबावेसे वाटले, याचे कारण वाचकांना सांगायला नको.

याच यादव काळात गुजरातेतून एक राजपुत्र रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि त्याचे आयुष्य बदलले. तेच श्रीचक्रधर. त्यांनी स्त्रियांना आणि शूद्रांना जवळ केले, उपदेश मराठीतून केला. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, तो 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. रामटेकचे भोगराम मंदिर महानुभावांना आजही पवित्र आहे. ज्या भाषेत आम्ही हा लेख लिहितो आहोत, तिच्या गद्याची वाट अशी रामटेकच्या नावाने सुरू झालेल्या एका प्रवासातून निघाली. उर्दू शाळेत मराठी हा विषय 'पास होण्यापुरता' शिकवला जातो. हे ठाऊक असते तर कदाचित तो थोडा वेगळा शिकवला गेला असता.

बख्त बुलंद, रघूजी आणि एक साधी मशीद

यादव गेले, सुलतानांचे राज्य आले, आणि पुढे हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडे गेला. त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला बख्त बुलंद शाह. तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, तेथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि हे नाव घेतले. बख्त बुलंद म्हणजे ज्याचे नशीब उंच आहे तो. पुढे तो बादशहाच्या विरोधात उभा राहिला, तेव्हा चिडून औरंगजेबाने त्याचे नाव 'निगूँ बख्त', म्हणजे पालथ्या नशिबाचा, असे लिहायला सांगितले. आमच्या मुलांना हा किस्सा फार आवडला, कारण दोन्ही नावे त्यांना शब्दकोशाशिवाय कळली. मजहब एक, पण भांडण राज्याचे, हेही त्यांना आपोआप कळले.

या मुसलमान गोंड राजाने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. हिंदू-मुसलमान शेतकरी आणि कारागीर बोलावून त्याने मुलूख लागवडीला आणला. त्याचा मुलगा चांद सुलतान याने जुम्मा तलाव बांधला, त्यालाच आज गांधीसागर म्हणतात. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसांत भांडणे लागली, राणी रतनकुंवरने रघूजी भोसल्यांची मदत मागितली, आणि हळूहळू सत्ता भोसल्यांच्या हाती आली. पण रघूजींनी गोंड राजा बुऱ्हाणशाह याला नागपुरात मानाने ठेवले आणि कारभार त्याच्या नावाने चालवला.

रामटेकचे आजचे रूप मुख्यतः रघूजी भोसल्यांच्या काळातले, अठराव्या शतकातले. त्यांनी देवळांचा जीर्णोद्धार केला, राम-लक्ष्मणाच्या मूर्ती बसवल्या, तट आणि दरवाजे दुरुस्त केले. वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ असे एकामागून एक दरवाजे ओलांडत आपण आत जातो. कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि त्रिपुर जाळण्याचा सोहळा होतो. त्याच भोसल्यांच्या फौजेत अरब शिपाई होते. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढताना ते पुढे होते. आणि याच घराण्यातील राजे रघूजीराव यांनी १९०८ मध्ये ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर सन्मानाने नेले. रामटेकच्या रामापुढे हात जोडणाऱ्या घराण्याने एका मुसलमान फकिरापुढेही हात जोडले, हा इतिहास नागपुरात प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त तो पुस्तकात नाही.

टेकडीवर एक मशीदही आहे. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या गॅझेटियरने तिची 'साधी मशीद' म्हणून नोंद केली आहे आणि औरंगजेबाच्या पदरी असलेल्या एका माणसाची ती आठवण, असे लोक सांगतात, असे म्हटले आहे. ती पाहून मुले एकदम गप्प झाली. मग एकाने हळूच विचारले, "सर, ये इधर कैसे?" आम्हाला टपरीवाल्या काकांची आठवण झाली. तोच सवाल, आता आमच्याच मुलाच्या तोंडून आला होता. आपणच या डोंगरावर परके आहोत, हे त्याला घरात आणि बाहेर इतक्यांदा ऐकवले गेले होते की आपली मशीद पाहूनही त्याला तिच्या इथे असण्याचे नवल वाटले.

मेघाची वाट

उतरण्याआधी आम्ही कालिदास स्मारकापाशी बसलो. यक्षाला अलकानगरीतून वर्षभरासाठी हाकलले गेले आणि तो रामगिरीवर येऊन राहिला. आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याने ढगाला निरोप सांगितला, ही 'मेघदूता'ची कथा. तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मिराशींनी मेघाच्या वाटेवरची ठिकाणे आणि वाकाटकांचे पुरावे जुळवून मांडले. काही विद्वान छत्तीसगडातल्या सरगुजाच्या रामगडकडे बोट दाखवतात. वाद असू द्या. कवीच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ १९९७ पासून रामटेकलाच आहे.

मुलांना वाटत होते की कालिदास म्हणजे संस्कृतवाल्यांचा. आम्ही त्यांना सांगितले की १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात काझिम अली जवान नावाच्या लेखकाने 'शकुंतला' हिंदुस्थानीत, म्हणजे आपल्या उर्दूत, आणली. उर्दू गद्य जेव्हा नुकते चालायला शिकत होते, तेव्हाच त्याने कालिदासाचा हात धरला होता. वतनापासून दूर असलेल्या माणसाचे दुःख उर्दू शायरीला नवे नाही. हिज्र आणि पैगाम हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की आमच्या आठवीच्या मुलालाही मेघदूत कळते.

'रामटेक' या नावाचेच पाहा. अगस्तीच्या आश्रमाला त्रास देणाऱ्या राक्षसांना मारण्याची 'टेक', म्हणजे प्रतिज्ञा, रामाने येथे केली, असे स्थानिक लोक सांगतात. मराठीत टेक म्हणजे उंचवटाही. आणि उर्दूत टेक म्हणजे आधार, ज्याला पाठ टेकवून बसावे ते. मुलांनी तिसरा अर्थ पसंत केला. दिवसभर पायऱ्या चढून त्यांचे पाय दुखत होते, तेव्हा निवड स्वाभाविकच म्हणायची.

आता राहिला मूळ प्रश्न. ऊपर क्यों? गडावर कायले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्याच लोकांना देतो. भीती खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण भीतीपोटी आपण ज्या ज्या जागेवर जाणे सोडले, ती ती जागा आपल्या मुलांच्या नकाशातून पुसली गेली. इबादत आपापली असते. इतिहास मात्र जाऊन, पाहून, वाचून मिळवावा लागतो. आपण गेलो नाही तर आपल्या वाट्याची पाने दुसरा कोणी वाचेल, किंवा फाडूनही टाकील.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टपरीवाल्या काकांसाठी. काका, ज्या नागपूरच्या बाजारात रामटेकची पाने विकली जातात, ते नागपूर एका बख्त बुलंदाने वसवले. तुमच्या गडाखाली एका राणीची मुद्रा होती आणि भिंतीच्या गिलाव्याखाली तिची आठवण होती, हे अलीकडेपर्यंत तुम्हालाही ठाऊक नव्हते. तेव्हा गडावर वाचण्यासारखे अजून पुष्कळ उरले असेल. वाचायला चार डोळे जास्त आले तर काय बिघडले?

परत निघताना काकांनी चहाचे पैसे घेतले, पण लहान मुलांना बिस्किटांचे दोन पुडे फुकट दिले. म्हणाले, "पुढच्या वर्षी या जी, त्रिपुरीनंतर या, गर्दी कमी असते." ज्यांनी सही करताना वेळ घेतला होता, त्या पालकांचा मुलगा बसमध्ये खिडकीपाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होता. आम्ही डोकावून पाहिले. त्याने उर्दूत 'वाकाटक' लिहिले होते आणि प्रत्येक अक्षरावर जबर-जेर नीट दिले होते, म्हणजे पुन्हा कोणी चुकीचे वाचू नये.